आरोग्याच्या सरांनी स्वतःहून ट्रेनिंगला यावं असं वाटत असेल तर

मुंबईतल्या बहुतेक शाळांमध्ये आरोग्य शिक्षक अशी वेगळी पोस्टच नसते. पीटीचे सर असतात, सायन्सच्या मॅडम असतात, नाहीतर नवीन लागलेल्या, अजून नाही म्हणायची हिंमत न आलेल्या एखाद्या बाई असतात, आणि यातल्या कुणाच्या तरी गळ्यात हे काम पडतं. उंची-वजन घ्या, जंताच्या गोळ्यांचा हिशोब ठेवा, तपासणीचे डॉक्टर आले की मुलांची रांग लावा, सहावी-सातवीच्या मुलींशी पाळीबद्दल बोला, आणि ग्राउंडवर कुणी धपकन पडलं की सगळी शाळा "सर कुठेत, सर कुठेत" करत ज्यांच्याकडे धावते ते हेच. बीएड, बीपीएडमध्ये यातलं थोडंफार येतं, पण वर्गात खरंच फिट आलेलं पोरगं समोर असताना तेवढं पुरत नाही.

सरकारी पातळीवर यासाठी एक योजना आहे, आयुष्मान भारतच्या खालचा शालेय आरोग्य कार्यक्रम, फेब्रुवारी २०२० मध्ये सुरू झालेला. त्यात प्रत्येक शाळेतले दोन शिक्षक, शक्यतो एक बाई आणि एक सर, आरोग्यदूत म्हणून तयार करायचे असं ठरलंय. विषय अकरा आहेत. आहार आणि स्वच्छता तर आहेच, पण मनाचं आरोग्य, व्यसनं, मुलगा-मुलगी समानता, वयात येणं, एचआयव्ही, हिंसेपासून सुरक्षितता, इंटरनेटचा जपून वापर असं सगळं त्यात आहे. आठवड्याला एक तास, वर्षाला चोवीस आठवडे, अशी कल्पना. योजना सुरू झाली आणि दीड महिन्याच्या आत लॉकडाऊन लागला, तेव्हा सुरुवातीचा जोर कुठे गेला हे वेगळं सांगायला नको.

आता मुद्दा असा की या दोन शिक्षकांना सुरुवातीचं एक ट्रेनिंग मिळालं तरी ते एकदाच मिळतं. त्यानंतरचं शिकणं बरंचसं ऐच्छिक असतं, म्हणजे प्रथमोपचाराची उजळणी, मुलांच्या मानसिक आरोग्याची वर्कशॉप, पोक्सोची (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याची) माहिती, दीक्षा या सरकारी पोर्टलवरचे ऑनलाइन कोर्स. नवीन शैक्षणिक धोरणात, २०२० च्या, प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान पन्नास तास स्वतःच्या शिक्षणाला द्यावेत असं म्हटलंय आणि ते स्वतःच्या आवडीनुसार असावेत असंही म्हटलंय. पन्नास तास हा आकडा सगळ्यांना पाठ झाला, आवडीनुसार हे मात्र बहुतेकांच्या लक्षातच राहिलं नाही.

पण एकदा शिकलं की झालं, परत परत कशाला? कारण हातांना विसर फार लवकर पडतो. हृदय बंद पडल्यावर छाती दाबून रक्त फिरतं ठेवायची जी पद्धत आहे, सीपीआर, ती शिकलेल्या माणसाचं कौशल्य सहा महिन्यांच्या आतच घसरायला लागतं, हे बऱ्याच ठिकाणी तपासून झालंय. शिवाय डोक्यात जुनं ठासून भरलेलं असतं ते वेगळंच. फिट आली की कांदा नाहीतर चप्पल हुंगवायची, दातात चमचा घालायचा, हे अजूनही होतं, चांगल्या चांगल्या शाळांत होतं. खरं करायचं असतं ते इतकंच की आजूबाजूची बाकं सरकवायची, पोराला कुशीवर वळवायचं, तोंडात काहीही घालायचं नाही आणि घड्याळ बघायचं, झटके पाच मिनिटांवर गेले की १०८ ला फोन. नाकातून रक्त आलं की आपण डोकं मागे करायला लावतो, ते उलटं आहे. डोकं पुढे झुकवायचं आणि नाकाचा मऊ भाग चिमटीत दहा मिनिटं दाबून धरायचा, मध्ये मध्ये सोडून "थांबलं का" बघायचं नाही. पकडापकडीत कुणाचा कायमचा दात मुळासकट पडला तर मुळाला हात न लावता तो उचलायचा, दुधात टाकायचा आणि पोराला घेऊन लगेच डेंटिस्टकडे जायचं, तासाभरात पोचलं तर दात परत बसण्याची चांगली आशा असते. शाळेच्या कँटीनमध्ये दूध असतंच की, फक्त त्या क्षणी ते आठवायला हवं.

आणि काही गोष्टी कायद्याच्या आहेत. पोक्सो कायदा २०१२ चा. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं किंवा तसा संशय आला तरी पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, कलम १९, आणि न कळवणं हा गुन्हा आहे, कलम २१. "आधी घरच्यांशी बोलून बघू", "शाळेचं नाव जाईल" असं म्हणत गप्प बसायची सोय कायद्याने ठेवलेली नाही. त्यात पुन्हा मुलाला चार जणांनी चार वेळा खोदून खोदून विचारायचं नसतं, ऐकून घ्यायचं, धीर द्यायचा आणि पुढे कळवायचं. हे परिपत्रकात वाचून जमत नाही हो, कुणीतरी समोर बसून, समजा अशी मुलगी आली आणि असं म्हणाली तर तुम्ही काय बोलाल, असं करून घेतलं तरच तोंडात शब्द बसतात.

मुंबईपुरतं बोलायचं तर २०१८ च्या ऑगस्टमधलं गोवंडी बऱ्याच जणांना आठवत असेल. पालिकेच्या शाळेतली एक मुलगी वारली आणि शाळेत दिलेल्या गोळ्यांमुळेच वारली अशी बातमी वस्तीत पसरली, घाबरलेल्या आईबापांनी शेकडो मुलं राजावाडी आणि शताब्दी हॉस्पिटलला नेली. पुढे शवविच्छेदनातून टीबीचं कारण समोर आलं, पण तोपर्यंत गोळ्यांवरचा विश्वास उडायचा तो उडालाच. अशा वेळी शाळेच्या गेटवर "ये गोली किस चीज की है" असं विचारणाऱ्या आईला उत्तर द्यायला डॉक्टर नसतो, तिथे बाई असतात नाहीतर सर असतात. आठवड्याला एक द्यायची निळी गोळी ही लोह आणि फॉलिक ॲसिडची आहे, उपाशीपोटी द्यायची नाही, थोडं मळमळू शकतं, शी काळी होते त्याला घाबरायचं नाही, आणि १५ ते १९ वयाच्या आपल्या देशातल्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींचं रक्त कमी आहे म्हणून ती देतात (२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातला आकडा), एवढं जर त्या बाईंना न अडखळता, त्या आईच्या भाषेत सांगता आलं तर अर्धी अफवा गेटवरच विझते. ते सांगता यावं म्हणून ट्रेनिंग.

मग शिक्षक येत का नाहीत?

आळशी आहेत असं म्हणणं फार सोपं आहे आणि ते बहुतेक वेळा खोटं आहे. आधी वेळ बघा. मुंबईत जागेच्या टंचाईमुळे कितीतरी शाळा दोन अधिवेशनांत चालतात, सकाळचे शिक्षक सातच्या सुमाराला हजर, म्हणजे बदलापूरहून किंवा विरारहून येणारा माणूस अंधारात घर सोडतो. शाळा सुटल्यावर त्याला दादरला वर्कशॉपला या म्हणायचं? रविवारी ठेवलं तर लोकलचा मेगाब्लॉक. त्यात बीएलओची (मतदार यादीच्या कामाची) ड्युटी, सर्वेक्षणं, आणि ते रोजचं "अर्ध्या तासात लिंक भरा". शिक्षणहक्काच्या, म्हणजे आरटीई कायद्याच्या कलम २७ मध्ये जनगणना, आपत्तीतली मदत आणि निवडणुका सोडून शिक्षकांना इतर बिगरशैक्षणिक कामाला लावू नये असं लिहिलंय, पण या तीन कामांतच वर्षाचे किती दिवस जातात ते स्टाफरूममध्ये विचारा एकदा.

दुसरं, आधीच्या ट्रेनिंगचा अनुभव. हॉलमध्ये दोनशे माणसं, मागच्या रांगेला न दिसणारी पीपीटी, वक्ते तीच पीपीटी वाचून दाखवतात, साडेअकराला चहा, सह्या, जेवण, आभार. अशी चार झाली की पाचव्याला कोण उत्साहाने जाईल. शिवाय वरिष्ठ श्रेणी आणि निवड श्रेणीसाठी, म्हणजे बारा आणि चोवीस वर्षांच्या सेवेनंतर, ट्रेनिंग करावंच लागतं कारण पगार त्यावर अडतो, त्यामुळे ट्रेनिंग म्हणजे सर्टिफिकेट आणि सर्टिफिकेट म्हणजे सर्व्हिस बुकात नोंद असं समीकरण डोक्यात पक्कं झालेलं असतं.

तिसरं कारण कुणी उघड बोलत नाही पण माझ्या मते सगळ्यात मोठं तेच आहे. जो शिकला तो अडकला. एकदा का तुम्ही प्रथमोपचाराचं ट्रेनिंग करून आलात की तुम्ही कायमचे आरोग्य इन्चार्ज. गोळ्यांचा स्टॉक तुमच्याकडे, रजिस्टर तुमच्याकडे, शिक्षण विभागाच्या एओ (प्रशासकीय अधिकारी) ऑफिसला रिपोर्ट तुम्ही द्यायचा, तपासणीच्या दिवशी तुमचे तास बुडणार आणि पोर्शन मागे पडला म्हणून ओरडा पण तुम्हालाच. म्हणजे शिकण्याचं बक्षीस काय, तर जास्तीचं काम, तेही रिटायर होईपर्यंत. शहाणा माणूस अशा वेळी काय करेल? हात वर करणार नाही. हे अडकणं काढल्याशिवाय "ऐच्छिक प्रशिक्षणाला भरघोस प्रतिसाद द्यावा" अशी कितीही पत्रं काढा, उपयोग शून्य.

आणि भीती आहेच. इनहेलर दिला आणि काही झालं तर? मुलीशी पाळीबद्दल सरांनी बोललं तर लोक काय म्हणतील? ही भीती खोटी नाही. उलट काय करायचं आणि कुठे थांबायचं हे नीट कळलं की ती कमी होते, पण ट्रेनिंगला बोलावताना हे कुणी सांगतच नाही, सांगतात काय तर "उपस्थिती अपेक्षित आहे". ऐच्छिक पण अनिवार्य, आपला खास प्रकार.

आता माणूस स्वतःहून शिकायला कधी तयार होतो यावर मानसशास्त्रात बरंच काम झालंय. १९७३ मध्ये अमेरिकेत लेपर, ग्रीन आणि निस्बेट या तिघांनी बालवाडीतल्या, चित्रं काढायची मुळातच आवड असलेल्या मुलांवर एक प्रयोग केला. काही मुलांना आधीच सांगितलं की चित्र काढलं तर छान रिबीन लावलेलं सर्टिफिकेट मिळेल, काहींना न सांगता नंतर दिलं, काहींना काहीच नाही. काही दिवसांनी बघितलं तर सर्टिफिकेटच्या आशेवर चित्रं काढलेली मुलं मोकळ्या वेळात रंगांकडे इतरांच्या निम्म्यानेच वळत होती. आवडीच्या गोष्टीला आमिष लावलं की ती गोष्ट काम होऊन बसते. आपण शिक्षकांसाठी करतो काय? आधीच रडतखडत येणाऱ्या माणसाला सर्टिफिकेटचं आमिष दाखवतो आणि जो आवडीने आला असता त्याचीही आवड मारतो. सर्टिफिकेट देऊच नका असं मी म्हणत नाही, द्या, सर्व्हिस बुकात लागतं ते, पण आमंत्रणाच्या पहिल्या ओळीत ते नको.

डेसी आणि रायन या दोघांनी नंतर याचीच मोठी थिअरी मांडली. तिचा सार इतकाच की माणसाला तीन गोष्टी हव्या असतात. आपण हे आपल्या मर्जीने करतोय असं वाटणं, आपल्याला हे जमतंय असं वाटणं, आणि आपल्या माणसांबरोबर करतोय असं वाटणं. आता ते दोनशे माणसांच्या हॉलमधलं ट्रेनिंग या तिन्हीवर ताडून बघा. मर्जी नाही, जमतंय का ते तपासायची सोय नाही, आणि शेजारी बसलेला माणूस अनोळखी.

या कामातलं तिसरं संशोधन मला स्वतःला सगळ्यात कामाचं वाटतं. थॉमस गस्की नावाचे अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ आहेत, त्यांनी १९८६ मध्येच सांगितलं की आपण क्रम उलटा धरतो. आपल्याला वाटतं आधी शिक्षकाचा दृष्टिकोन बदलू, मग तो वर्गात वेगळं वागेल, मग मुलांत फरक दिसेल, आणि म्हणून आपण तासभर महत्त्व पटवून देतो. प्रत्यक्षात शिक्षक आधी काहीतरी छोटं करून बघतो, मुलांत फरक दिसतो, आणि मग त्याला पटतं. एखाद्या बाईंनी वर्गात दम्याच्या मुलाचा इनहेलर दप्तराच्या तळातून काढून टेबलाच्या ड्रॉवरमध्ये ठेवला, आणि एके दिवशी तो दोन मिनिटांत हाताशी आला, तर त्या बाईंना पुढच्या ट्रेनिंगचं महत्त्व पटवायला कुणी लागत नाही, त्याच विचारत येतील, "मॅडम, पुढचं कधी आहे?"

म्हणून पहिलं ट्रेनिंग छोटं ठेवा. अगदी छोटं. चाळीस मिनिटं, स्वतःच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये, एकच विषय, आणि तो असा की दुसऱ्या दिवशी वर्गात वापरता येईल. फिट आली तर काय, बस. किंवा पावसाळ्याच्या तोंडावर गुडघाभर पाण्यातून आलेल्या मुलांच्या पायाला जखम असेल तर लेप्टोचा (साचलेल्या घाण पाण्यातून होणाऱ्या तापाचा) धोका, ताप कुठला साधा आणि कुठल्यात त्याच दिवशी दवाखान्यात पाठवायचं. जूनमध्ये लेप्टो-डेंग्यू, जंताच्या गोळ्यांच्या दिवसाआधी (१० फेब्रुवारीला असतो तो) गोळ्यांबद्दल, परीक्षेच्या आधी मुलांच्या टेन्शनबद्दल आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ नंबरबद्दल. ज्या आठवड्यात प्रश्न पडणार त्याच्या आदल्या आठवड्यात उत्तर. ऑक्टोबरमध्ये लेप्टोवर दिवसभराची कार्यशाळा घेऊन काय मिळवायचंय?

शिकवायला कोण येणार, पैसे कुठेत, हा पुढचा प्रश्न. मुंबईचं एक बरं आहे, केईएम, सायन, नायर, कूपर या पालिकेच्या हॉस्पिटलना जोडून मेडिकल कॉलेजं आहेत आणि मेडिकल कॉलेज म्हटलं की कम्युनिटी मेडिसिनचं डिपार्टमेंट असतंच, त्यांचं कामच हॉस्पिटलच्या बाहेरच्या लोकांशी. नायरचं डेंटल कॉलेजही आहे. मुख्याध्यापकांच्या सहीचं एक पत्र, त्यात अमुक तारीख, अमुक विषय, चाळीस मिनिटं, पंधरा शिक्षक, इतकं स्पष्ट लिहून पाठवलं तर विचारायला पैसे पडत नाहीत. जवळच्या पालिका दवाखान्याच्या डॉक्टरांना विचारा. पालकांत कुणी नर्स असते, तिला विचारा. फक्त एक अट घाला, पीपीटी आणायची नाही, हाताने करून घ्यायचं.

आणि करून घेतल्यावर कुणीतरी वर्गात येऊन बघणंही लागतं. जॉइस आणि शॉवर्स या दोघांनी यावर बरीच वर्षं काम केलं आणि त्यांचं म्हणणं असं की नुसतं सांगून, दाखवून वर्गात फार थोडं पोचतं, सोबतीचा शिक्षक वर्गात येऊन बघतो, नंतर दोघं बोलतात, तेव्हाच ते रुळतं. सोबतीचा शिक्षक म्हणजे साहेब नव्हे हं, हातात वही घेऊन मागे बसणारा. शेजारच्या वर्गाच्या बाई. म्हणून ट्रेनिंगला एकट्याला पाठवू नका, दोघांना पाठवा. परत येताना ट्रेनमध्ये दोघं बोलतात त्यातच निम्मं शिकून होतं.

मुख्याध्यापकांचं काम इथे खरं सुरू होतं. "जा, मी नाही अडवत" म्हणणं म्हणजे प्रोत्साहन नाही. त्या दोघांचे तास कोण घेणार ते आधी ठरवायचं, नाहीतर प्रॉक्सी लागलेले सहकारी आठवडाभर टोमणे मारतात आणि पुढच्या वेळी कुणी नाव देत नाही. शाळेच्या वेळेत पाठवलं तर कर्तव्य रजा लिहून द्यायची, तोंडी नको. आणि परत आल्यावर स्टाफ मीटिंगमध्ये "आता अहवाल सादर करा" असं करून त्यांचा छळ करायचा नाही, दहा मिनिटं द्यायची, एकच गोष्ट सगळ्यांना करून दाखवा म्हणायचं.

बोलावण्याची भाषा बदलली तरी फरक पडतो. "सर्व संबंधितांस कळविण्यात येते की" ने सुरू होणारा मेसेज स्टाफच्या ग्रुपवर पडला की लोक अंगठा दाखवून पुढे जातात. त्याऐवजी एकेकाला गाठून विचारायचं. म्हणजे असं:

"सर, गेल्या आठवड्यात सातवी ब मधल्या पोराला चक्कर आली तेव्हा तुम्ही होता ना तिथे?"

"हो ना मॅडम, काय करावं सुचेना. पाणी मारलं तोंडावर, बस."

"बुधवारी दवाखान्याचे डॉक्टर येतायत, चक्कर आणि फिट, एवढंच. मधल्या सुट्टीनंतरचा तुमचा तास मी लावून देते. येता का? नाही जमलं तरी चालेल."

शेवटचं ते "नाही जमलं तरी चालेल" खरं असलं पाहिजे हां. नाही म्हणणाऱ्याची नोंद ठेवून नंतर हिशोब चुकता करायचा असेल तर ते ऐच्छिक उरत नाही, आणि शिक्षकांना ते बरोबर कळतं.

भाषेचा मुद्दा राहिला. पालिकेच्या शाळा आठ माध्यमांच्या, मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, तमिळ, तेलुगू, कन्नड, इंग्रजी. ट्रेनिंगचं पुस्तक इंग्रजीत असतं, बोलणं मराठीत, आणि बाईंना उद्या समजवायचंय उर्दूत. पाळी, हस्तमैथुन, गुटखा, व्हेप यावर बोलायचे शब्द जर त्या त्या भाषेत तिथेच ठरवून घेतले नाहीत तर वर्गात गेल्यावर तोंडातून शब्द फुटत नाही आणि तो धडा गुपचूप वगळला जातो. एकाच माध्यमाचे चार शिक्षक एका टेबलावर बसवले, पाच मिनिटं आधी खुदुखुदु हसू दिलं, तरी बरंच काम होतं.

आणि ते अडकण्याचं काय? त्यावर उपाय जूनच्या पहिल्या स्टाफ मीटिंगलाच करावा लागतो, जिथे परीक्षा विभाग, सहल, स्नेहसंमेलन अशी वर्षाची कामं वाटतात. आरोग्याचं काम दोन तुकड्यांत तोडायचं. रजिस्टर, स्टॉक, लिंक हे कागदाचं काम एकाकडे, ते दरवर्षी बदलेल असं तिथेच इतिवृत्तात लिहायचं. आणि जो शिकून येईल त्याच्याकडे फक्त मुलांचं काम, कागद नाही. हे लिहिलेलं असेल तर हात वर करायला माणसं मिळतात. पहिल्या वेळी दोनच आले तरी डॉक्टरांना परत पाठवू नका, त्या दोघांनाच घेऊन बसा.